डिजिटल चलन आणि मध्यवर्ती बँकेचा ताळेबंद

मध्यवर्ती बँक (भारतात रिझर्व्ह बँक) अर्थव्यवस्थेकडे नेमके कसे पाहते, आणि मोबाइलवरून क्षणात पैसे पोहोचत असताना तिला स्वतःचे डिजिटल चलन काढावेसे का वाटते, असा तुमचा प्रश्न आहे. त्याला जोडून तुम्ही तीन शंका विचारल्या आहेत: या चलनामुळे महागाई वाढेल का, बँकांतील ठेवी आटतील का, आणि प्रत्येक खर्चावर सरकारची नजर राहील का. माझ्या नोकरीची बहुतेक वर्षे व्यापारी बँकेच्या ट्रेझरी विभागात, म्हणजे बँकेचा रोजचा निधी सांभाळणाऱ्या विभागात, गेली. मध्यवर्ती बँकेच्या दाराशी ज्यांना रोज उभे राहावे लागते, त्यांच्यापैकी मी एक होतो. त्यामुळे माझे उत्तर हिशेबाच्या वहीतून येईल, आणि माझ्या मते या विषयाची किल्लीही तिथेच आहे. डिजिटल चलनावरची बहुतेक चर्चा ॲप, वॉलेट आणि ब्लॉकचेन यांत अडकते. मध्यवर्ती बँकेच्या आतल्या माणसांना मात्र पहिला प्रश्न पडतो तो असा की ही नवी नोंद ताळेबंदाच्या कोणत्या बाजूला येणार आणि तिच्यामुळे दुसरी कोणती नोंद कमी होणार.

तुमच्या खात्यात जी शिल्लक दिसते ती मध्यवर्ती बँकेने काढलेले चलन नव्हे. ते तुमच्या व्यापारी बँकेने तुम्हाला दिलेले वचन आहे, की मागाल तेव्हा तेवढ्या रकमेच्या नोटा देऊ किंवा सांगाल त्याला तेवढी रक्कम पोहोचवू. नोट मात्र मध्यवर्ती बँकेचे स्वतःचे देणे आहे. व्यवहारात आपण दोन्हींना पैसाच म्हणतो आणि तसे म्हणता येते, हेच बँकिंग व्यवस्थेचे सर्वात मोठे यश आहे. बँक ऑफ इंग्लंडने २०१४ साली आपल्या त्रैमासिकात मांडले होते की तिथल्या एकूण पैशापैकी ९७ टक्के पैसा बँक ठेवींच्या रूपात आहे आणि त्यातला बराचसा बँकांनी कर्ज देताना निर्माण केलेला आहे. बँक कर्ज मंजूर करते तेव्हा आधी कोणाची तरी ठेव उचलून ती कर्जदाराला देत नाही; ती कर्जदाराच्या खात्यात रक्कम जमा करते आणि त्या नोंदीबरोबरच नवी ठेव जन्माला येते. मग ती रक्कम दुसऱ्या बँकेतल्या कोणाला दिली गेली की पहिल्या बँकेला दुसरीचा हिशेब चुकता करावा लागतो, आणि तो चुकता होतो मध्यवर्ती बँकेत दोघींच्या असलेल्या राखीव खात्यांतून. म्हणजे लोक बँकांच्या वचनांत व्यवहार करतात आणि बँका एकमेकींशी मध्यवर्ती बँकेच्या पैशात. या दोन मजल्यांची रचना लक्षात ठेवली तर पुढचे सारे सोपे आहे.

आता अर्थव्यवस्थेकडे पाहण्याच्या नजरेविषयी. बाहेरून असे वाटते की मध्यवर्ती बँक सर्व काही चालवते: विकास, रोजगार, विनिमयदर, शेअर बाजार. प्रत्यक्षात तिच्या हातात थेट असलेली गोष्ट फार लहान आहे. तिने स्वतः निर्माण केलेल्या राखीव पैशाची एका रात्रीसाठीची किंमत, म्हणजे अल्पमुदतीचा व्याजदर, ती ठरवू शकते. बाकी सगळे या दरातून, बँकांमार्फत, हळूहळू आणि बऱ्याच गळतीसह पुढे जाते. दर वाढवला की बँकांना निधी महाग पडतो, त्या कर्जे महाग करतात, काही उद्योग आपली गुंतवणूक पुढे ढकलतात, काही कुटुंबे घरखरेदी लांबवतात, मागणी उतरते आणि कित्येक महिन्यांनी त्याची खूण किमतींवर दिसते. या विलंबामुळे मध्यवर्ती बँकेला आजच्या महागाईपेक्षा वर्ष-दीड वर्षानंतरच्या महागाईचा अंदाज पाहून निर्णय घ्यावा लागतो, आणि लोकांना भविष्यातली महागाई किती वाटते याला आकडेवारीइतकेच महत्त्व द्यावे लागते. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्यानंतर १९९० मध्ये महागाईचे शून्य ते दोन टक्के असे जाहीर लक्ष्य ठेवले आणि मग ही पद्धत जगभर पसरली. भारताने २०१६ मध्ये कायदा बदलून चार टक्क्यांचे लक्ष्य आणि दोन्ही बाजूंना दोन टक्क्यांची मोकळीक स्वीकारली. लक्ष्य कोणतेही असो, दराचा परिणाम लोकांपर्यंत नेणारे वाहन बँकाच आहेत. म्हणून बँकांच्या ठेवी आणि त्यांची कर्जे देण्याची ताकद हा मध्यवर्ती बँकेच्या दृष्टीने आर्थिक धोरणाचा रस्ताच आहे, आणि डिजिटल चलनाबाबत ती इतकी चाचपडत का चालते याचे अर्धे कारण इथे सापडते.

उरलेले अर्धे कारण तिच्या रोजच्या कामात आहे. मध्यवर्ती बँकेच्या ताळेबंदात देण्यांच्या बाजूला मुख्यतः तीन गोष्टी असतात: चलनात असलेल्या नोटा, बँकांचा राखीव निधी आणि सरकारची शिल्लक. दुसऱ्या बाजूला सरकारी रोखे, परकीय चलनाचा साठा आणि बँकांना दिलेली कर्जे असतात. लोकांनी बँकांतून जास्त नोटा काढल्या की नोटा वाढतात आणि राखीव निधी तितकाच कमी होतो. कर भरण्याच्या तारखेला पैसा बँकांकडून सरकारच्या खात्यात जातो तेव्हाही राखीव निधी घटतो. या चढउतारांचा अंदाज बांधून तेवढा पैसा बाजारात सोडणे किंवा शोषून घेणे, हे मध्यवर्ती बँकेचे रोजचे, कंटाळवाणे, पण अत्यंत नाजूक काम आहे. आमच्या बाजूलाही हेच चालत असे. एकदा करभरणा होण्याच्या दिवशी आमच्या ग्राहकांकडून किती रक्कम बाहेर जाईल याचा माझा अंदाज बराच कमी पडला आणि दुपारनंतर राखीव खाते रिकामे होऊ लागले. त्या दिवशी सगळ्याच बँका निधी शोधत होत्या, एका रात्रीच्या उसनवारीचा दर आमच्या डोळ्यांदेखत चढत गेला, आणि शेवटी रोखे तारण ठेवून आम्ही खाते सावरले. तोटा मोठा नव्हता, पण एक गोष्ट कायमची लक्षात राहिली: बँकेकडे मालमत्ता भरपूर असते, ती कुठूनही बुडीत नसते, आणि तरीही योग्य प्रकारचा पैसा योग्य तासाला हाताशी नसेल तर तिची त्रेधा उडते.

मध्यवर्ती बँकेचे डिजिटल चलन म्हणजे या ताळेबंदाच्या देण्यांच्या बाजूला येणारी चौथी नोंद. नोटेसारखे ते थेट मध्यवर्ती बँकेचे देणे असते, आणि ठेवीसारखे ते इलेक्ट्रॉनिक असते. एवढ्यावरूनच लक्षात येईल की बँकांपुरते असे चलन फार पूर्वीपासून आहे, कारण त्यांचा राखीव निधी हा संगणकातल्या नोंदींच्याच रूपात असतो. नवे आहे ते सामान्य माणसाला त्या मजल्यावर जागा देणे. ही कल्पनाही वाटते तितकी ताजी नाही. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जेम्स टोबिन यांनी १९८७ मध्येच सुचवले होते की लोकांना मध्यवर्ती बँकेत ठेवल्यासारखी सुरक्षित आणि तरीही खात्यासारखी सोयीची रक्कम बाळगता यावी. फिनलंडच्या मध्यवर्ती बँकेने १९९३ मध्ये अवांत नावाचे पैसे साठवणारे कार्ड आणले, जे बँकांच्या कार्डांपुढे टिकले नाही. इक्वेडोरने २०१४ मध्ये मध्यवर्ती बँकेमार्फत मोबाइल पैसा सुरू केला आणि काही वर्षांत तो गुंडाळला. मग गेल्या दशकात अचानक साऱ्या जगाला याचे वेड का लागले, असा प्रश्न उरतो.

त्याची दोन ठळक कारणे आहेत. पहिले स्वीडनमधले. तिथे रोख रकमेचा वापर इतका घसरला की मध्यवर्ती बँकेने, म्हणजे रिक्सबँकने, २०१७ मध्ये ई-क्रोनाचा अभ्यास हाती घेतला आणि पुढे २०२३ पर्यंत त्याचे तांत्रिक प्रयोग केले. हे त्याच देशात घडावे यात एक गंमत आहे. युरोपातल्या पहिल्या बँकनोटा १६६१ मध्ये स्टॉकहोममधल्या योहान पाल्मस्ट्रुक यांच्या बँकेने काढल्या. तिजोरीत होते त्याहून अधिक नोटा काढल्यामुळे ती काही वर्षांतच कोसळली, आणि त्या अनुभवानंतर १६६८ मध्ये आजच्या रिक्सबँकेचा पाया घातला गेला. जगातल्या सर्वात जुन्या मध्यवर्ती बँकेचा जन्मच खाजगी वचन मोडल्यातून झाला आहे. दुसरे कारण जून २०१९ मध्ये आले, जेव्हा फेसबुकने लिब्रा नावाचे खाजगी चलन जाहीर केले. तो प्रकल्प पुढे नाव बदलून २०२२ च्या सुरुवातीला बंद पडला, पण अब्जावधी वापरकर्ते हाताशी असलेली एक कंपनी स्वतःचे चलन काढू शकते ही कल्पनाच अनेक मध्यवर्ती बँकांना कागदावरच्या अभ्यासातून प्रयोगशाळेत ढकलायला पुरेशी ठरली. मध्यवर्ती बँकांची बँक मानल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय सेटलमेंट बँकेच्या सर्वेक्षणांत उत्तर देणाऱ्या दहापैकी साधारण नऊ मध्यवर्ती बँका आज या विषयावर काही ना काही काम करत असल्याचे दिसते.

या सगळ्यामागचा सैद्धांतिक युक्तिवाद असा: वेगवेगळ्या बँकांतले पैसे एकमेकांच्या बरोबरीने, एकास एक, चालतात, कारण कोणत्याही क्षणी त्यांचे रूपांतर मध्यवर्ती बँकेच्या नोटेत करता येते. नोट ही त्या बरोबरीची रोजची परीक्षा आहे. नोटा व्यवहारातून नाहीशा झाल्या तर सामान्य माणसाच्या हातात मध्यवर्ती बँकेचा पैसा उरणारच नाही आणि बरोबरी तपासण्याचे साधन जाईल. म्हणून नोटेचा डिजिटल वारस हवा. खाजगी वचनांची बरोबरी कशी सुटते याचे उदाहरण मार्च २०२३ मध्ये दिसले. यूएसडीसी हे एका डॉलरला बांधलेले स्टेबलकॉइन, म्हणजे स्थिर किमतीचे वचन देणारे खाजगी डिजिटल नाणे, आपल्या निधीपैकी ३.३ अब्ज डॉलर अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेत ठेवून बसले होते. ती बँक बंद पडताच त्याचा भाव ८८ सेंटच्या आसपास घसरला आणि अमेरिकी सरकारने सर्व ठेवीदारांना हमी दिल्यावरच सावरला. त्याआधी मे २०२२ मध्ये टेरायूएसडी हे दुसरे स्टेबलकॉइन तर सावरलेच नाही, कारण त्याच्यामागे पुरेसा खरा निधी नव्हताच.

हा युक्तिवाद मला निम्मा पटतो. स्टेबलकॉइनबाबत तो पूर्ण लागू पडतो. बँक ठेवींबाबत मात्र बरोबरी टिकते ती केवळ नोटांमुळे नाही, तर ठेव विमा, देखरेख, अडचणीच्या वेळी मध्यवर्ती बँकेने देऊ केलेले कर्ज आणि राखीव खात्यांतून रोज होणारा चुकता हिशेब या सर्वांमुळे. नोटा कमी झाल्या म्हणून हे खांब आपोआप कोसळणार नाहीत. रोकड कमी होण्याची अडचण मला वेगळीच वाटते: वीज किंवा नेटवर्क खंडित झाले, एखाद्या मोठ्या बँकेची यंत्रणा बसली किंवा सायबर हल्ला झाला, तर व्यवहार चालू ठेवण्याचा दुसरा मार्ग हाताशी राहत नाही. युरोपात याला आणखी एक बाजू आहे, कारण तिथली कार्डने होणारी देयके मोठ्या प्रमाणावर अमेरिकी कंपन्यांच्या जाळ्यांवर अवलंबून आहेत, आणि डिजिटल युरोच्या समर्थनात ही गोष्ट आता उघडपणे मांडली जाते.

आता ठेवींच्या शंकेकडे वळतो. तुमची ही शंका सर्वात रास्त आहे आणि माझ्या मते याच ठिकाणी मध्यवर्ती बँकांच्या मनातली खरी अडचण दिसते: त्यांना आपल्या डिजिटल चलनाच्या अपयशापेक्षा यशाची धास्ती अधिक आहे. हिशेब करून पाहू. ठेवीदाराने आपल्या खात्यातले शंभर डिजिटल चलनात बदलले, तर व्यापारी बँकेची ठेव शंभराने आणि राखीव निधीही शंभराने घटतो. मध्यवर्ती बँकेकडे राखीव निधी शंभराने कमी होऊन डिजिटल चलन शंभराने वाढते. नोटा काढल्यावरही हेच होते, असे कोणी म्हणेल आणि ते बरोबर आहे. फरक वेगाचा आणि आकाराचा आहे. मोठी रक्कम नोटांत काढायची तर शाखेत जावे लागते, मोजावे लागते, वाहून न्यावे लागते आणि सांभाळावे लागते. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये नॉर्दर्न रॉक बँकेच्या शाखांबाहेर लागलेल्या रांगा सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिल्या, पण त्या रांगांनाही दिवस लागले. सिलिकॉन व्हॅली बँकेतून ९ मार्च २०२३ या एका दिवसात ४२ अब्ज डॉलर बाहेर गेले, आणि तेही ते पैसे दुसऱ्या बँकेत नेऊन. त्या क्षणी प्रत्येक ठेवीदाराच्या फोनमध्ये कधीही न बुडणारी, सरकारी पाठबळाची, अमर्याद जागा असती तर काय झाले असते, याची कल्पना करणे कठीण नाही.

घबराटीचा काळ सोडला तरी शांत काळातही परिणाम होतो. बँकांना ठेवी टिकवण्यासाठी जास्त व्याज द्यावे लागेल, किंवा मध्यवर्ती बँकेकडून तारण देऊन कर्ज घ्यावे लागेल. पहिल्या मार्गाने कर्जे महागतात. दुसऱ्या मार्गाने मध्यवर्ती बँकच अर्थव्यवस्थेची मोठी धनको बनते आणि कोणते तारण स्वीकारायचे, त्याच्या किमतीतून किती कापून कर्ज द्यायचे, या तिच्या निर्णयांतून कोणत्या क्षेत्राला कर्ज मिळेल हे अप्रत्यक्षपणे ठरू लागते. हे काम कोणत्याही शहाण्या मध्यवर्ती बँकेला नको असते. म्हणूनच आज मांडले जाणारे बहुतेक आराखडे मुद्दाम आखडते घेतलेले आहेत. डिजिटल युरोसाठी प्रत्येक व्यक्तीला ३,००० युरोपर्यंतच रक्कम ठेवू द्यावी, हा आकडा बराच काळ चर्चेत आहे. बँक ऑफ इंग्लंडने २०२३ च्या मसुद्यात १०,००० ते २०,००० पौंडांची मर्यादा सुचवली. मर्यादेपेक्षा जास्त रक्कम आली तर ती आपोआप बँक खात्यात वळेल, अशी सोय विचारात आहे. व्याज द्यायचे नाही, वाटप बँकांमार्फतच करायचे, ग्राहकसेवाही त्यांच्याकडेच ठेवायची, असा साधारण सूर आहे. एका हाताने नवे चलन द्यायचे आणि दुसऱ्या हाताने ते फार वापरले जाणार नाही याची काळजी घ्यायची, अशी ही कसरत आहे.

त्यामुळे आतापर्यंतचे आकडे लहान दिसतात याचे मला आश्चर्य वाटत नाही. भारताने २०२२ च्या वित्त कायद्याने रिझर्व्ह बँकेच्या १९३४ च्या कायद्यात बदल करून बँकनोटेच्या व्याख्येत डिजिटल स्वरूप आणले. १ नोव्हेंबर २०२२ ला घाऊक (बँकांच्या आपसांतल्या व्यवहारांसाठीच्या) आणि १ डिसेंबर २०२२ ला किरकोळ (सामान्य लोकांसाठीच्या) ई-रुपयाचा पथदर्शी प्रयोग सुरू झाला. मार्च २०२५ अखेर सुमारे १,०१६ कोटी रुपयांचा ई-रुपया चलनात होता, तर कागदी नोटांचे मूल्य ३७ लाख कोटींच्या जवळपास होते. म्हणजे दर दहा हजारांच्या नोटांमागे तीन रुपयांहूनही कमी. ज्या देशात २०१६ पासून यूपीआयने खात्यातून खात्यात तत्काळ आणि जवळपास विनाखर्च पैसे पाठवण्याची सवय लावली आहे, तिथे साध्या देयकासाठी लोकांनी आणखी एक वॉलेट का उघडावे, याचे पटणारे उत्तर अजून मिळायचे आहे. बहामाचा सँड डॉलर ऑक्टोबर २०२० मध्ये देशभर सुरू झाला, नायजेरियाचा ई-नायरा ऑक्टोबर २०२१ मध्ये. दोन्हीकडे वापर तुटपुंजा राहिला. पूर्व कॅरिबियन बेटांच्या डीकॅश या डिजिटल चलनाची यंत्रणा तर २०२२ च्या सुरुवातीला सुमारे दोन महिने ठप्प होती. रोकडीला पर्याय म्हणून आणलेली वस्तू दोन महिने बंद पडावी, ही गोष्ट मी प्रत्येक उत्साही तंत्रज्ञाला आवर्जून सांगतो.

महागाईच्या शंकेचे उत्तर तुलनेने छोटे आहे. ठेव किंवा नोट देऊन तेवढ्याच किमतीचे डिजिटल चलन घेतले तर पैशाचे रूप बदलते, एकूण पैसा वाढत नाही. महागाई वाढायची असेल तर ती ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूने येईल, म्हणजे मध्यवर्ती बँकेने सरकारला पैसा पुरवण्यासाठी रोखे विकत घेतले किंवा मोबदला न घेता लोकांच्या वॉलेटमध्ये थेट पैसे टाकले तर. पण ते काम कागदी नोटांनीही करता येते आणि इतिहासात अनेकदा केले गेले आहे. दोष चलनाच्या रूपाचा नसून ते कशाच्या बदल्यात काढले याचा असतो.

धोरणाच्या बाजूने अधिक गुंतागुंतीचा मुद्दा व्याजाचा आहे. डिजिटल चलनावर व्याज दिले तर मध्यवर्ती बँकेचा दर बँकांच्या कलाची वाट न पाहता थेट लोकांपर्यंत पोहोचेल. सिद्धांतात हे आकर्षक आहे, आणि त्याच कारणाने धोक्याचेही आहे. युरोपियन सेंट्रल बँकेने २०१९ ते २०२२ या काळात बँकांच्या ठेवींवर उणे अर्धा टक्का आणि स्वित्झर्लंडने २०१५ पासून उणे पाऊण टक्का दर लावला होता, म्हणजे पैसे ठेवणाऱ्यालाच उलट व्याज भरावे लागत होते. हे दर फार खोल नेता आले नाहीत, कारण लोकांकडे शून्य व्याजाच्या नोटा बाळगण्याची वाट होती. नोटा नाहीशा झाल्या आणि फक्त व्याजधारी डिजिटल चलन उरले तर ती वाट बंद होते, असे काही अभ्यासकांनी मांडले आहे. कोणतीही मध्यवर्ती बँक आज हा हेतू मान्य करत नाही, आणि नोटा चालूच राहतील असे त्या आवर्जून सांगतात. त्यांच्या शब्दावर मी अविश्वास दाखवत नाही, परंतु नोटांबद्दलचे आश्वासन कायद्यात लिहिलेले असावे, भाषणात नव्हे.

आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. नोट म्हणजे मध्यवर्ती बँकेला मिळालेले बिनव्याजी कर्ज आहे. त्या बदल्यात घेतलेल्या रोख्यांवर तिला व्याज मिळते आणि नफा शेवटी सरकारी तिजोरीत जातो. लोक नोटांऐवजी खाजगी स्टेबलकॉइन बाळगू लागले तर तेच उत्पन्न ती कंपनी मिळवते. शिवाय ते स्टेबलकॉइन डॉलरचे असेल तर लहान देशांत स्थानिक चलनाचा वापरच घटतो आणि तिथल्या मध्यवर्ती बँकेचा व्याजदर पोकळ होतो. अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्ये अध्यक्षीय आदेशाने संघीय यंत्रणांना मध्यवर्ती बँकेच्या डिजिटल चलनावर काम करण्यास मनाई केली आणि त्याच वर्षी जुलैमध्ये डॉलर स्टेबलकॉइनसाठी कायदा केला. इतर देशांच्या मध्यवर्ती बँकांनी या दोन गोष्टी एकत्र वाचल्या, आणि माझ्या समजुतीप्रमाणे युरोपातली घाई त्यानंतर वाढली. याउलट कॅनडाच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०२४ मध्येच किरकोळ डिजिटल डॉलरवरचे काम बाजूला ठेवले होते. एकाच प्रश्नाला प्रत्येक देश आपापल्या परिस्थितीनुसार वेगळे उत्तर देतो आहे, हे यातून दिसते.

पाळतीच्या शंकेबद्दल दोन्ही बाजूंचे दावे मला अतिरेकी वाटतात. आजही तुमचे कार्ड, खाते आणि मोबाइल देयके यांची नोंद बँकेकडे आणि देयक कंपनीकडे असतेच, आणि कायद्याने मागितली तर ती सरकारला मिळते. तेव्हा डिजिटल चलनामुळे एकाएकी उजेड पडणार आहे असे नाही. दुसरीकडे नोटेसारखी गोपनीयता मिळेल हा दावाही खरा नाही. ऑनलाइन व्यवहारात कोणाला तरी शिल्लक तपासावीच लागते, आणि काळ्या पैशाविरुद्धचे कायदे मोठ्या रकमांना ओळख मागतातच. चीनने आपल्या डिजिटल युआनसाठी नियंत्रित अनामिकता असा शब्द वापरला आहे: लहान रकमेच्या वॉलेटला कमी ओळख पुरते, मोठ्या रकमेला पूर्ण लागते. नोटेच्या सर्वात जवळ जाणारा प्रकार म्हणजे दोन उपकरणांत थेट, नेटवर्कशिवाय होणारा व्यवहार. पण तिथे तीच रक्कम दोनदा खर्च केली जाऊ नये यासाठी सारी भिस्त उपकरणातल्या सुरक्षित चिपवर ठेवावी लागते, म्हणून अशा व्यवहारांच्या रकमा लहान ठेवाव्या लागतात. तंत्रज्ञान एवढेच देऊ शकते. माहिती कोण, किती काळ आणि कोणाच्या आदेशाने पाहू शकतो, हे कायदा ठरवतो.

याच ओघात अटी घातलेल्या पैशाचा उल्लेख करायला हवा. ठरावीक कामासाठीच खर्च करता येईल किंवा ठरावीक तारखेनंतर संपेल, असा पैसा तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे आणि अनुदानाची रक्कम योग्य जागी पोहोचवण्यासाठी त्याचा मोह होणे साहजिक आहे. बँकेच्या किंवा योजनेच्या पातळीवर अशी अट घालायला माझी हरकत नाही. पण अट चलनातच भरली तर शंभराची एक नोट दुसऱ्या शंभराच्या नोटेइतकी राहत नाही; अट असलेली स्वस्त होते, अट नसलेली महाग. एका चलनाचे सर्व तुकडे समान असणे हा त्याचा पहिला गुण आहे, आणि तो घालवून मिळवलेली सोय मला महाग वाटते.

सामान्य वाचकाला सर्वात नीरस वाटणारा भाग मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे, कारण खरा लाभ मला तिथेच दिसतो: बँकांमधले घाऊक डिजिटल चलन. २६ जून १९७४ रोजी जर्मनीतील हेरश्टाट बँक दुपारी बंद करण्यात आली. तोपर्यंत तिने परकीय चलन व्यवहारांत आपल्या वाट्याचे मार्क (तेव्हाचे जर्मन चलन) घेतले होते, पण न्यूयॉर्कमध्ये द्यायचे डॉलर अजून दिले नव्हते, कारण तिथे व्यवहाराचा दिवस नुकताच सुरू होत होता. समोरच्या बँकांचे पैसे अडकले. एका बाजूची वस्तू पोहोचली आणि दुसऱ्या बाजूचा पैसा अडकला, या जोखमीला आजही त्या बँकेच्या नावाने ओळखतात. रोखे किंवा चलन टोकनच्या, म्हणजे मालकी दाखवणाऱ्या डिजिटल नोंदीच्या, रूपात एकाच नोंदवहीवर असेल आणि पैसाही मध्यवर्ती बँकेचाच, त्याच वहीवर असेल, तर दोन्ही हस्तांतरणे एकाच क्षणी होतात किंवा दोन्ही होत नाहीत. स्विस नॅशनल बँकेने डिसेंबर २०२३ पासून हेल्व्हेशिया प्रकल्पात खऱ्या रोख्यांचे व्यवहार खऱ्या घाऊक फ्रँकमध्ये चुकते केले. भारताचा घाऊक प्रयोगही सरकारी रोख्यांच्या दुय्यम बाजारातून, म्हणजे आधी काढलेल्या रोख्यांच्या खरेदी-विक्रीतून, सुरू झाला. यात ठेवी पळून जाण्याचा प्रश्न येत नाही, गोपनीयतेचा वाद नाही, आणि मध्यवर्ती बँकेचा पैसा आधीही ज्यांच्याकडे होता त्यांच्याकडेच राहतो. देशांच्या सीमा ओलांडताना मात्र अडचण तंत्रज्ञानाची न राहता विश्वासाची होते, म्हणजे कोणाच्या वहीवर, कोणाच्या कायद्याखाली आणि निर्बंध लादण्याचा अधिकार कोणाकडे ठेवून व्यवहार करायचा, आणि तिथे प्रगती संथ असणार.

तुमच्यासारख्या खातेदाराने अशा चलनात पैसे ठेवावेत का, हे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण प्रश्नाच्या आड ते आहे असे वाटते. ठेव विम्याच्या मर्यादेतली रक्कम बँकेत असेल तर सुरक्षिततेत पडणारा फरक नगण्य आहे, आणि ठेवीवर व्याज मिळते, डिजिटल चलनावर ते बहुतेक ठिकाणी मिळत नाही. विम्याच्या मर्यादेपलीकडची रक्कम असलेल्यांना ते आकर्षक वाटेल, पण ठेवण्याची कमाल मर्यादा नेमकी त्यांनाच रोखण्यासाठी आखलेली असते. उरतो तो नेटवर्क नसताना चालणाऱ्या छोट्या देयकांचा उपयोग, आणि तो विश्वासाने करता येईल इतकी ती सोय अजून बहुतेक ठिकाणी पक्की झालेली नाही.